वार नीट बघायची

आज परत तेच. डिलिव्हरी झाली, दहा मिनिटात बाळाला पोटात पोसणारी वार पडली आणि ट्रे सिंकपाशी न्यायच्या आत आमची स्टुडंट केसपेपरवर 'प्लॅसेंटा कम्प्लीट' लिहून मोकळी. म्हटलं बघितली का गं, तर म्हणे हो मॅडम, पडताना बघितली ना.

मग घेतलाच क्लास. मे महिना, जळगावकडचं ऊन रात्रीही भिंतीतून बाहेर येतं, ग्लोव्हजमध्ये घाम साचलेला. तरी दोन्ही तळव्यांवर घ्यायला लावली, आईकडची बाजू वर. गुठळ्या पुसल्या की पंधरा-वीस भाग दिसतात एकमेकांना खेटून, ओंजळ जराशी मिटायची, तुटलेली भाकरी जुळवून बघतो ना तसं, तुकडा कमी असला तर खळगा राहतो. आकारपण छोट्या भाकरीएवढाच, वजन अर्ध्या किलोच्या आसपास.

मग नाळ धरून उचलायची, बाळाभोवतीचे पडदे पिशवीसारखे लोंबतात, आत हात घालून बोटं पसरायची. बाळ आलं ते एक भोक असणारच. पण दुसरं भोक दिसलं आणि रक्तवाहिनी वारेच्या काठावरून पडद्यात जाऊन तिथेच तुटलेली दिसली, की समजायचं एक जादाचा तुकडा आत राहिलाय. वार अख्खी दिसते आणि तरी पूर्ण नसते हे पोरींना पटतच नाही. मला तरी कुठे पटलं होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी असंच न बघता लिहिलं, दुपारी बाई हसत चहा प्यायली आणि संध्याकाळी खालची चादर रक्ताने भिजून गेली. वाचली ती. पण माझ्या अक्षरातलं ते 'कम्प्लीट' अजून दिसतं.

नाळेच्या टोकाला तीन भोकं मोजून घेतली, दोन धमन्या एक शीर. दोनच असली तर बाळाच्या डॉक्टरांना सांगायचं.

दारात बाळंतिणीची आजी उभी. पोरगा का पोरगी नंतर, पहिला प्रश्न, "वार आख्खी पडनी ना माय?" शाळेत न गेलेली बाई. पुरायला मागितली नाही, आता दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाते हे गावातही माहीत झालंय.

पोरगी हात धुवून आली, म्हणे मॅडम आता डब्यातली कळण्याची भाकरी कशी खाऊ. नाहीच खाल्ली तिने. मीच खाल्ली, ठेच्यासोबत.