बाराची बाटली, सहाची बाटली

तळोज्याच्या कारखान्यांमधून येणारी कासाडी खालच्या अंगाला खाडीच होते. भरती चढली की नदी उलटी वाहते. त्या दिवशी अमावास्या होती. प्रदूषण तपासायला दुपारी बाराला पुलावरून नमुना घेतला तेव्हा पाणी काठोकाठ, वासही बेताचा. मीटरवर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४.६ मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याचा निकष ५चा, म्हणजे थोडक्यातच हुकलं म्हणायचं! पण विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप, सेंटिमीटरला ३१ हजार मायक्रोसीमेन्स. समुद्राचं पाणी साधारण ५० हजारांचं असतं. बाटलीत निम्म्याहून जास्त समुद्रच होता.

म्हणून थांबलो. सहाला ओहोटी पूर्ण होऊन कांदळवनाची मुळं उघडी पडली, पाणी काळपट झालं. मीटर ०.३ दाखवत होता, पण इतक्या खाली त्याचा भरवसा नाही. म्हणून दुपारसारखीच रसायनांची चाचणी केली. बादली तर वापरायचीच नाही. ओतताना हवा मिसळते आणि गटाराच्या पाण्यातही ऑक्सिजन सापडतो. नळी ३०० मिलीच्या बाटलीच्या तळापर्यंत सोडून दोन-तीन बाटल्यांएवढं पाणी वरून वाहू दिलं, बुडबुडा न ठेवता बूच लावलं. मग २ मिली मँगनस सल्फेट, २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, आणि बाटली खालीवर हलवली. दुपारच्या बाटलीत तपकिरी साका बसला होता. हा दुधासारखा पांढरा. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच.

असं दिसलं की आधी रसायनांवर संशय घ्यावा. नळाचं पाणी खळखळून हलवलं, त्यात तीच रसायनं घातली; साका लगेच तपकिरी. रसायनं ठीक होती. सडक्या अंड्यांचा वास होता म्हणून सल्फाइडसाठी झिंक अ‍ॅसिटेटची बाटली वेगळी भरली.

सीओडीचं (पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल त्या मापाचं) उलटं. त्या चाचणीत क्लोराइडही ऑक्सिडाइज होतं, त्यामुळे क्लोराइडला अडवणारं मर्क्युरिक सल्फेट वाढवलं नाही तर भरतीचं बरं पाणीच घाण ठरतं.

पौर्णिमा-अमावास्येला इथे दुपारी बाराच्या आगेमागे भरती, अष्टमीला त्याच सुमारास ओहोटी. खाडीकाठचा कोळी हे बोटांवर मोजून सांगेल. (अष्टमीचं पाणी भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, उधाणाएवढं खाली उतरत नाही, हेही तोच सांगेल.) आमचं वेळापत्रक मात्र इंग्रजी तारखेवर आणि कचेरीच्या वेळेवर चालतं. नमुन्याच्या चिठ्ठीवर भरती-ओहोटीचा रकाना नाही. तो आता मी पेनाने आखून घेतो.