ठाणे ते नेरूळ, व्हाया २००८

ठाणे स्टेशनात पुलावरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरलो तर रवी आधीच येऊन थांबला होता. इंडिकेटरखाली उभा राहून तो एका अनोळखी माणसाला २००८ ची फायनल सांगत होता. त्या माणसाला बहुतेक पनवेल गाठायचं होतं. पण रवीच्या तावडीत सापडलेला माणूस शेवटच्या बॉलपर्यंत सुटत नाही, हा आमचा गेल्या सतरा वर्षांचा अनुभव आहे.

"बालाजीची ओव्हर. शेवटचा बॉल, एक रन हवी. समोर सोहेल तन्वीर, पलीकडे साक्षात वॉर्न. आणि मी तिथे होतो!"

तिथे म्हणजे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आयपीएलच्या पहिल्यावहिल्या फायनलला, १ जून २००८ ला. राजस्थाननं चेन्नईला तीन विकेटनं हरवलं. आमच्या कंपूत कुठलाही वाद सुरू झाला की रवी हा हुकमाचा पत्ता टाकतो. समोरच्यानं आकडे दिले, नियम दाखवले, सगळं केलं तरी "मी तिथे होतो" म्हटलं की पुढे बोलायला उरत नाही.

आम्हीही तिथेच निघालो होतो. २ नोव्हेंबर २०२५, रविवार. महिला विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तिकिटं माझ्या भाचीनं, सानिकानं मिळवली होती. ती अकरावीत आहे आणि डावखुरी फिरकी टाकते. बाहेर पाऊस होता. सामना तीनचा. मेगाब्लॉकची धाकधूक रविवारी असतेच, तिच्यात आता पावसाची भर.

गाडीत किशोर भेटला. किशोर म्हणजे सकाळच्या लोकलमधला भजनवाला. त्याच्या खिशात कायम झांजा असतात, तशा आजही होत्या. त्याचा खरा जीव मात्र कबड्डीत. यू मुंबानं २०१५ साली प्रो कबड्डी जिंकली तेव्हापासून तो त्यांच्या कर्णधाराचं, अनुप कुमारचं नाव घेताना आवाज खाली आणतो, देवाचं नाव घेतल्यासारखा.

"दोन दिवसांपूर्वी पुणेरी पलटण दिल्लीकडून हरली, कळलं ना?" बसायच्या आधीच त्यानं विचारलं. "एकतीस-अठ्ठावीस. तीन पॉइंट!"

"तू कुणाच्या बाजूनं होतास?"

"मी कुणाच्याच नाही. पुण्याच्या विरुद्ध."

यू मुंबानं शेवटचा चषक उचलला त्याला दहा वर्षं झाली आणि पलटणनं २०२४ साली एक जिंकलासुद्धा, ही आठवण मी त्याला करून दिली. त्यावर तो खिडकीबाहेर पाहू लागला.

ठाणे-नेरूळ प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. पण त्यात जितकं बोलून होतं तितकं आमचं महिन्याभरात होत नाही. गाडी कळव्याकडे खाडी ओलांडते, मग वळून दक्षिणेला लागते. दिघा गाव हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुने लोक अजून मनात 'ठाण्यानंतर थेट ऐरोली' असंच धरून असतात आणि दिघ्याला उगाच उठतात. डावीकडे पारसिकचा डोंगर, पावसानं धुऊन हिरवागार. तो आणि रुळ यांच्यामध्ये एमआयडीसीची पत्र्याची छपरं आणि काचेच्या इमारती दाटीवाटीनं उभ्या. पलीकडे खाडीत रोहित यायला अजून वेळ होता. (पक्षी. तो दुसरा रोहित संध्याकाळी स्टेडियमात आलेला पडद्यावर दिसला आणि अर्धं स्टेडियम उभं राहिलं.)

घणसोलीला पाटील चढला. पाटील सांगलीचा. गेली वीस वर्षं नवी मुंबईत राहतो, पण वाक्याच्या शेवटी सांगली आणल्याशिवाय त्याला थांबता येत नाही.

"आज आमची स्मृती मारनार बघा. माधवनगरची पोरगी हाय."

"जन्म मुंबईचा आहे तिचा," रवी म्हणाला.

"जन्म कुटं का हुईना. बॅट सांगलीत धरली न्हवं?"

"दोन वर्षांची असताना गेली ती सांगलीला. मुंबईचं पाणी तोवर अंगात मुरलेलं होतं."

"दोन वर्षांत काय मुरतंय? लोनचं बी मुरत न्हाई नीट!"

अख्खा डबा हसला. कोपरखैरण्याला चढलेल्या पोरांपैकी एकाकडे पिपाणी होती. त्यानं आयपीएलची ती तुतारीची धून वाजवली. ती वाजली की उभा महाराष्ट्र सवयीनं ओरडतो, तसा डबा ओरडला. किशोरनं लगेच सांगितलं की ही चाल मूळ स्पेनची, पासोडोब्ले जातीची, बैलांच्या झुंजीत वाजतात त्यातली. पाटलाला हे अजिबात पटलं नाही. त्याच्या मते ही चाल त्यांच्याकडे बैलगाडा शर्यतीत कधीपासून वाजते. बैल दोन्हीकडे आहेत, तेव्हा दोघंही थोडे थोडे बरोबर, असा निवाडा मी दिला. तो कुणीच ऐकला नाही.

एव्हाना टॉस लांबल्याची बातमी आली होती. ही बातमी पाच जणांना पाच वेळा आणि पाच प्रकारे आली. रवीच्या व्हॉट्सअॅपवर सामना रद्द झाला होता. पाटलाच्या यूट्यूबवर कुणी तरी नुसता आरडाओरडा करत 'लाइव्ह' होता. चित्र नाहीच, फक्त आकडे आणि एक पेटलेला माणूस. सानिकानं शांतपणे सांगितलं, "पाऊस थांबलाय, कव्हर काढतायत. आणि उद्या राखीव दिवस आहे."

"उद्या सोमवार," रवी दचकला. "मला रजा नाही."

मग बातम्यांवरून गाडी आपोआप आमच्या काळावर घसरली. आकाशवाणी, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन, ट्रान्झिस्टरची काडी खिडकीच्या गजाला टेकवून बसायचं वगैरे. आताच्या समालोचनात नुसता गोंगाट, असं रवीचं मत. मी केदार जाधवची आठवण काढली. २०२३ च्या आयपीएलमध्ये तो मोबाइलवर मराठीत समालोचन करत होता. डेव्हिड विली जखमी झाला आणि बंगळुरूनं केदारला माइकवरून उचलून थेट संघात घेतलं. मला विचाराल तर मराठी समालोचनाचा यापेक्षा मोठा सन्मान झालेला नाही.

"म्हणजे चांगला बोलत होता म्हणून घेतला?" किशोर म्हणाला.

"गप बसवायला घेतला असंल," पाटील.

सानिका गालात हसत होती. माझ्या लक्षात आलं, की ठाण्यापासून जुईनगरपर्यंत आम्ही चौघांनी कबड्डी, स्पेन, आकाशवाणी आणि वॉर्न असं सगळं उपसलं, पण जी फायनल बघायला चाललो होतो तिच्याबद्दल माधवनगरपलीकडे आमच्याकडे बोलायला काहीच नव्हतं. २००५ ची फायनल, २०१७ ची फायनल, त्यात भारत हरला एवढं माहीत. लॉर्ड्सवर नऊ रननी, हे सानिकानं सांगितलं. आमच्यापैकी कुणीही 'मी तिथे होतो' म्हणू शकत नव्हता. 'मी ते टीव्हीवर पाहिलं' म्हणणारेही फार निघाले नसते.

रवीनं एक प्रयत्न केला. "हे मैदान आपल्याला लाभत नाही. २०१० ला मुंबई इथेच फायनल हरली, चेन्नईकडून."

"काका, लाभत नाही कसं?" सानिका म्हणाली. "डब्ल्यूपीएलची, म्हणजे बायकांच्या आयपीएलची, पहिलीच मॅच इथे झाली, मार्च २०२३. मुंबईनं दोनशे सात केले आणि गुजरात चौसष्टला ऑलआउट. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडला टेस्टमध्ये ३४७ रननी हरवलं, तेही इथेच. परवाची सेमीफायनलही इथेच झाली. तीनशे एकोणचाळीस चेस केल्या. जेमिमा नाबाद एकशे सत्तावीस. मी होते."

शेवटचे दोन शब्द ती अगदी सहज बोलून गेली. रवीनं पाणी प्यायलं.

किशोरनं विषय संगीताकडे वळवला, तिथे त्याला बरं वाटतं. जेमिमा गिटार वाजवते, आणि गावसकरांनी सेमीफायनलनंतर टीव्हीवर जाहीर केलंय की आपण जिंकलो तर ती वाजवणार नि ते गाणार. "गावसकर गातो?" पाटलानं विचारलं. तेव्हा आम्ही तिघं एकदम त्याच्यावर तुटून पडलो. गावसकरांची मराठी रेकॉर्ड ठाऊक नसलेला माणूस आमच्यात बसलाच कसा! सांगलीचा एवढा एकच पराभव त्या दिवशी झाला.

नेरूळला उतरलो. पाऊस नव्हता, पण हवा ओली पिळून काढावी तशी. निळ्या टी-शर्टांचा लोंढाच रस्ता दाखवत होता, आम्ही नुसते वाहत गेलो. गालावर तिरंगा रंगवणारी पोरं, बनावट जर्सी. मागे हरमनप्रीतचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. याच रस्त्यानं जानेवारीत कोल्डप्लेची गर्दी गेली होती. पाटील तेव्हा कंपनीतून घरी परतत होता आणि त्याच्या म्हणण्यानुसार अख्ख्या डब्यात एकट्यालाच ते कोण हे माहीत नव्हतं. "यूटू आलेला २०१९ ला, तवा बी माझं तसंच झालं," तो म्हणाला. गेटवर किशोरच्या झांजा अडवल्या. हे वाद्य आहे, देवाचं आहे, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. शेवटी त्या एका पानटपरीवर ठेवाव्या लागल्या. टपरीवाल्यानं त्या दोनदा वाजवून पाहिल्या आणि मगच ठेवून घेतल्या.

सामना पाचला सुरू झाला, पन्नास ओव्हरचाच. तो तुम्ही पाहिला आहे, मी काय सांगू. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन वेळी बोलावलेली शफाली सत्त्याऐंशी करून गेली. स्मृती पंचेचाळीसला बाद झाली, तेव्हा पाटील पाच मिनिटं माधवनगरचा नव्हता. एकूण २९८. मधल्या वेळेत सुनिधी चौहान गायली. किशोर मात्र डीजेवर चिडलेला होता. लोकांनी 'गणपती बाप्पा' म्हणायला घ्यावं, तेवढ्यात वरून गाणं आदळायचं आणि 'मोरया' तसाच घशात राहायचा. हे अगदी खरं होतं. माणसं स्वतःहून ठेका धरत होती, त्याला जरा जागा द्यायला काय हरकत आहे?

प्रशिक्षक अमोल मुझुमदार पडद्यावर दिसला, तेव्हा रवी खराखुरा हळवा झाला. १९८८ साली सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला तो हा मुलगा. पुढे रणजी पदार्पणातच २६० केल्या आणि भारताकडून एकही सामना नाही. "अजून तो पॅड बांधूनच बसलाय रे," रवी म्हणाला. त्या वेळी त्यानं २००८ काढलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

मग ती आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट. एका बाजूनं विकेट पडत होत्या आणि ती ढिम्म हलत नव्हती. शंभर झाल्या. स्टेडियम असं गप्प झालं की डीजेसुद्धा बिचकला. रवी म्हणाला, "मी उठलो की विकेट पडते. हा इतिहास आहे." मला भूक लागली होती. आम्ही दोघं वडापावच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

रांग भिंतीआड होती. तिथून मैदानाचा तुकडाही दिसत नव्हता. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. आधी एक लांबलचक 'आऽऽ', मग तो मध्येच तुटला. पुन्हा चढला, पुन्हा तुटला. रांगेतला प्रत्येक जण पैसे हातात धरून वर छताकडे बघत होता. आणि मग जे काही फुटलं, त्यानं काउंटरवरचे कागदी पेले हलले. अमनजोतनं वोल्वार्टचा झेल घेतला होता, हातातून दोनदा निसटून तिसऱ्या प्रयत्नात. आम्ही तो झेल तिन्ही टप्प्यांसकट ऐकला. पाहिला नाही.

"ट्रान्झिस्टरवर ऐकल्यासारखं वाटलं," मी म्हणालो.

"कुणाला सांगू नकोस," रवी म्हणाला.

पुढचं भराभर झालं. दीप्तीच्या पाच विकेट, शेवटचा झेल हरमनप्रीतचा, बावन्न रननी विजय. मध्यरात्र झाली होती. चाळीसेक हजार माणसं उभी होती. सानिका रडत होती आणि डोळे पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. मुलींनी नंतर मैदानावर आपलं संघगीत म्हटलं. विश्वचषक जिंकू तेव्हाच ते बाहेर काढायचं, असं त्यांनी जवळजवळ चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं म्हणे. आम्ही तोवर बाहेर पडलो होतो, त्यामुळे ते पुढे फोनवरच पाहिलं. किशोरनं ते बारा वेळा ऐकून ठेका भजनाला चालेल असा शेरा दिला.

टपरी बंद झाली होती, पण टपरीवाला झांजा घेऊन फूटपाथवर बसला होता, वाजवत. त्याच्याभोवती दहा-पंधरा जण नाचत होते. किशोरला त्या परत मागायला जिवावर आलं. तोही नाचला आणि मगच मागितल्या. पाटलाला शेअर रिक्षात कोंबलं. उरलेले चौघं एका इको गाडीत बसून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो. रस्ताभर बाइकवर झेंडे.

तुर्भ्याच्या पुढे ड्रायव्हरनं विचारलं, "तो क्याच बघितलाव काय रं? तीन येलेला पकडला तो?"

"बघितला म्हणजे?" रवी पुढे सरकला. "मी तिथे होतो! पहिल्यांदा हातातून उडाला..." आणि त्यानं तो झेल सांगितला. पळत आलेली अमनजोत, दोनदा उडालेला बॉल, जमिनीवर पडता पडता केलेली पकड. एकही गोष्ट चुकली नाही. हे सगळं त्यानं वडापाव खाता खाता शेजारच्याच्या फोनवर पाहिलेलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. अंधारात पारसिक दिसत नाही, तरी बघत होतो.

सानिका दिघ्यापर्यंत काही बोलली नाही. मग मागच्या सीटवरून तिनं अगदी आदरानं विचारलं, "काका, २००८ ला तन्वीरनं ती शेवटची रन काढली, तेव्हा तुम्ही नेमके कुठल्या रांगेत होता?"