ई वॉर्डाच्या नोंदी : बालमृत्यूचा छेद

जुन्या अहवालांतून मी भरत असलेली मुंबईच्या ई वॉर्डाची (भायखळा, माझगाव, कामाठीपुरा, नागपाडा) जन्ममृत्यूंची सारणी मागच्या वेळी अर्ध्यावर सोडली होती, कारण 1921 सालचा बालमृत्यूचा दर पटत नव्हता. संपूर्ण मुंबईचा त्या वर्षीचा दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे 667 येतो, तर एका खोलीतल्या बिऱ्हाडांचा 828. खोल्या कोंदट होत्या, आया गिरणीत जात, तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत, हे सारे धरले तरी तीनांतली दोन मुले वर्षाच्या आत गेली असतील, हे मन घेईना.

तीन आठवडे मी अंश, म्हणजे मृत्यूंचे आकडे, तपासत बसलो आणि दोष निघाला छेदात, म्हणजे नोंदलेल्या जन्मांत. मृत्यूची नोंद स्मशानात किंवा कबरस्तानात होई, त्यामुळे ती सहसा सुटत नसे. जन्माचे तसे नव्हते. रत्नागिरीकडची बाई बाळंतपणाला गावी जाई, जन्म तिकडे नोंदला जाई किंवा नोंदलाच जात नसे, आणि काही महिन्यांनी बोटीने आलेले ते मूल इथे दगावले, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. समजा, 100 जन्म नोंदले गेले, बाहेरून 60 तान्ही आली आणि एकूण 60 दगावली, तर दर 600 दिसतो, पण खरा 375च्या आसपास असतो. तोही भयंकरच आहे.

एकूण मृत्युदरात छेद लोकसंख्येचा असतो, आणि तिथला 1901चा गुंता मात्र सुटला. प्लेगमुळे लोक शहराबाहेर असताना झालेल्या त्या जनगणनेत 7,76,006 माणसे मोजली गेली, तर 1906च्या पालिकेच्या गणनेत 9,77,822. म्हणून 1901चा आकडा छेदात वापरणे मी सोडले आणि मधल्या वर्षांचे फुगलेले मृत्युदर खाली आले. आकडे मी हातानेच भरतो, कारण जुन्या छपाईत संगणकाची अक्षरओळख 3 आणि 8 यांची गल्लत करते. एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने घडीचा तक्ता फाटलेला अहवाल पाठवला, याचा राग अजून आहे.

पुढे वार्षिक दर दुरुस्त करायचे ठरवले होते, पण लिहिता लिहिता वाटते की आधी पहिल्या आठवड्यातले मृत्यू वेगळे काढावेत. इतके कोवळे मूल कोकणातून सहसा येत नसणार, म्हणजे त्या मृत्यूंसाठी मुंबईत नोंदलेले जन्म हाच योग्य छेद ठरेल. मग उरलेले मृत्यू महिनावार मांडीन, कारण पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत आणि दिवाळीनंतर आलेल्या तान्ह्यांचा माग त्यात दिसायला हवा.