फेजचा हुटर वाजतो, मोटरचा वाजत नाही

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे बल्क कूलर बसवलेले असतात, त्यांच्या नियंत्रण पेटीतला प्रोग्राम सांभाळण्याचे काम मी एका छोट्या कंपनीत करते. पेटीचे काम ऐकायला साधे आहे. धारोष्ण दूध ३५ अंशांच्या आसपास तापमान घेऊन टाकीत येते आणि ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवून तिथेच ठेवायचे असते. थंडावा टाकीच्या तळातून मिळतो आणि वर बसवलेला, हळूहळू फिरणारा ॲजिटेटर दूध ढवळत राहतो. हा पंखा थांबला आणि कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर तळाशी बर्फ धरतो, साय वर जमते आणि तापमानाचा आकडा टाकीतल्या सगळ्या दुधाचा न राहता सेन्सर जिथे आहे तेवढ्याच जागेचा उरतो. म्हणून पंख्याची मोटर ट्रिप झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता हुटर वाजावा अशी आमच्या पेटीत सोय आहे. निदान आहे असे आम्ही सगळेच समजत होतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या सेक्रेटरींचा सकाळी फोन आला. "मॅडम, पंखा रात्री कधी बंद पडला कुणाला कळलंच नाही. तळाला बर्फ धरलाय. तुमचं मशीन मुकं झालंय का? फेज गेला की मात्र अख्खी गल्ली जागी करतंय!" ही तक्रार मला त्यांच्या शब्दांत मुद्दाम द्यावीशी वाटते, कारण दोषाचे निदान जवळजवळ पूर्णपणे त्या शेवटच्या वाक्यात होते. हुटर चालू होता, त्याची वायर शाबूत होती आणि प्रोग्रामही हुटर वाजवू शकत होता. फक्त एका प्रकारच्या दोषाला तो जागा होत होता आणि दुसऱ्या प्रकारच्या दोषाला नाही.

आमच्या पेटीत यंत्राची सगळी स्थिती एकाच संख्येत साठवलेली असते. तिच्या प्रत्येक बिटाला, म्हणजे ० किंवा १ असलेल्या प्रत्येक घराला, अर्थ आहे: पहिला बिट, म्हणजे १, फेज गेल्याचा; दुसरा, म्हणजे २, कॉम्प्रेसर चालू असल्याचा; तिसरा, म्हणजे ४, ॲजिटेटरच्या मोटरचा ओव्हरलोड ट्रिप झाल्याचा; आणि चौथा, म्हणजे ८, गॅसचा दाब वाढल्याचा. यांपैकी कॉम्प्रेसर चालू असणे हा काही दोष नव्हे, म्हणून दोष तेवढे निवडून घेण्यासाठी १, ४ आणि ८ यांच्या बेरजेचा, म्हणजे १३ चा मास्क ठेवलेला आहे. स्थिती आणि मास्क यांच्यात '&' हे चिन्ह घातले की दोन्हींकडे सामाईक असलेले बिट तेवढे शिल्लक राहतात आणि काही शिल्लक राहिले तर हुटर वाजवायचा. सी भाषेतल्या त्या ओळीतली नावे इथे मराठीत लिहिते. अट अशी होती ('!=' म्हणजे 'बरोबर नाही'):

स्थिती & दोषमास्क != ०

सर्व्हिसच्या मुलाने केंद्रावरून पेटीचा पडदा वाचून सांगितला, तेव्हा स्थिती ६ होती. ६ म्हणजे २ अधिक ४: कॉम्प्रेसर चालू, मोटर ट्रिप. याचा अर्थ रिले, वायर आणि इनपुट यांनी आपापली कामे चोख केली होती आणि बातमी प्रोग्रामपर्यंत पोहोचली होती. ६ आणि १३ यांच्यातला सामाईक बिट ४ चा. तो शून्य नाही. तेव्हा हुटर वाजायलाच हवा होता.

माझ्या हाताखाली नुकताच रुजू झालेला एक इंजिनिअर आहे. मुलगा हुशार, पण कॉलेजमध्ये त्याचा सगळा हात पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेवर बसलेला. त्याने तीच ओळ जशीच्या तशी उचलली, लॅपटॉपवर पायथॉनमध्ये चिकटवली, स्थितीच्या जागी ६ आणि मास्कच्या जागी १३ घातले आणि उत्तर माझ्यापुढे धरले: अट खरी आहे. "मॅडम, लॉजिक बरोबर आहे. हार्डवेअरचाच काहीतरी घोळ असणार." सॉफ्टवेअरवाल्याने हार्डवेअरवर ढकलायचे आणि हार्डवेअरवाल्याने सॉफ्टवेअरवर, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. पण त्याचा प्रयोग माझ्या डोक्यात अडकून राहिला. एकच ओळ, तेच आकडे, एका ठिकाणी उत्तर खरे आणि दुसऱ्या ठिकाणी खोटे. ओळीत दोन नावे, एक आकडा आणि दोन चिन्हे. वेगळेपण लपायला जागा तरी किती असणार?

मी कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, तयार केलेल्या यंत्रसूचनांची यादी उघडली. मूळ प्रोग्राम वाचताना आपण लिहिणाऱ्याचा हेतू वाचतो, यंत्रसूचना वाचताना मात्र हेतू उरत नाही, कृतीच दिसते. म्हणून संशय आला की मी थेट तिथेच जाते. अटीच्या जागी दोनच सूचना होत्या: स्थितीची संख्या ३१ घरे डावीकडे सरकव, आणि वर आलेला बिट शून्य असेल तर पुढे उडी मार. संख्या ज्यात ठेवून हे काम होते ते रजिस्टर ३२ बिटांचे. ३१ घरे सरकवल्यावर त्यात एकच बिट तग धरतो, तो म्हणजे अगदी तळाचा, १ चा. बाकीचे सगळे बाहेर पडतात. म्हणजे यंत्र फक्त फेजचा बिट पाहत होते. १३ हा आकडा त्या सूचनांत कुठेही नव्हता! आम्ही मास्क म्हणून जो काही लिहिला होता, त्याची कंपायलरने दखल घेतली होती ती एवढीच, की तो शून्य नाही.

इथवर आल्यावर उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि विचारले, "शाळेत कंचेभागुबेव शिकलास ना?" तो हसला. महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या कोणाला ते ठाऊक नसेल? आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. "आता मला सांग, यात '&' कुठे बसतो आणि '!=' कुठे?" तो अडखळला, आणि अडखळणे योग्यच होते, कारण याचे उत्तर गणितात नाही, प्रत्येक भाषेने ते स्वतंत्रपणे ठरवलेले आहे. सी भाषेत चिन्हांच्या प्राधान्याच्या सुमारे पंधरा पायऱ्या आहेत आणि त्यांत तुलना करणारी '==' ('बरोबर') आणि '!=' ही चिन्हे '&' च्या वरच्या पायरीवर आहेत. पायथॉनमध्ये नेमके उलटे: '&' वर, तुलना खाली. म्हणून पायथॉनने वाचले (६ & १३) != ०, म्हणजे ४ शून्य नाही, म्हणजे खरे. सी ने वाचले ६ & (१३ != ०). कंसातली तुलना खरी, आणि सी मध्ये तुलनेचे खरे उत्तर म्हणजे पूर्णांक १; उरले ६ & १, म्हणजे शून्य, म्हणजे खोटे.

फळ्यावर मी दोन झाडे काढली. एकात शेंड्याला '!=' आणि त्याच्या डाव्या फांदीवर '&'; दुसऱ्यात शेंड्याला '&' आणि त्याच्या उजव्या फांदीवर '!='. कागदावर एक्स्प्रेशन एका रेषेत लिहिले जाते, पण भाषा त्याचे झाड करते आणि काम त्या झाडावर चालते. त्याने लगेच विचारले, "म्हणजे सी मध्ये '!=' आधी चालते, एवढेच ना?" एवढेच नव्हे. प्राधान्य हे कोणता ऑपरेंड, म्हणजे चिन्ह ज्यावर काम करते ते मूल्य, कोणत्या चिन्हाच्या पदरात पडणार याचा निवाडा करते. आधी काय चालणार हा वेगळा प्रश्न आहे. एका बेरजेत दोन फंक्शनांची उत्तरे मिळवायची असतील, तर त्यांतले आधी कोणते बोलावले जाईल हे सी ने कंपायलरवर सोडलेले आहे आणि कितीही कंस घातले तरी त्यात फरक पडत नाही. आणि कंचेभागुबेववरही फार विसंबू नये. ७ * ३ / २ हे सी मध्ये डावीकडून उजवीकडे जाते, कारण गुणाकार आणि भागाकार एकाच पायरीवर आहेत: २१ भागिले २, पूर्णांकात १०. शाळेतल्या सूत्राप्रमाणे भागाकार आधी केला, तर ३ भागिले २ म्हणजे पूर्णांकात १, आणि उत्तर ७. कागदावरच्या गणितात अपूर्णांक सांभाळून घेतात. पूर्णांकांच्या प्रोग्राममध्ये सांभाळून घ्यायला कोणी नसते.

मग त्याने तो प्रश्न विचारला, जो या ओळीत अडकलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो: सी ने असे उफराटे का ठरवले? याचे उत्तर सी चे जनक खुद्द डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये सी च्या जडणघडणीवर लिहिलेल्या निबंधात दिलेले आहे, आणि मला ते फार प्रामाणिक वाटते. सी ज्या बी भाषेतून आली, तिच्यात '&&' आणि '||' ('आणि', 'किंवा') ही चिन्हेच नव्हती. अटीमध्ये 'हे आणि ते' म्हणायचे असले, तरी '&' च लिहीत. 'अ बरोबर ब आणि क' अशी अट लिहिताना तुलना आधी जोडली जावी आणि '&' नंतर यावा, हेच सोयीचे होते. पुढे ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून '&&' आणि '||' वेगळी झाली, पण बी कडून सी कडे येणाऱ्या कोडला धक्का नको म्हणून '&' आहे त्याच पायरीवर राहू दिला. रिचींनी नंतर मान्य केले आहे की '&' आणि '==' यांच्या पायऱ्या तेव्हाच बदलल्या असत्या तर बरे झाले असते, कारण मास्क लावून तुलना करणे हे सी मध्ये रोजचेच काम आहे आणि दर वेळी त्याला जादा कंस घालावा लागतो. तो धागा सी ची वळणे उचलणाऱ्या भाषांपर्यंत पोहोचला: जावास्क्रिप्ट आणि पीएचपी यांनी तोच क्रम ठेवला. जावानेही ठेवला, पण तिथे पूर्णांक आणि सत्यासत्य मूल्य यांच्यात '&' चालत नसल्याने आमची ओळ कंपाइलच झाली नसती, आणि ते उत्तमच. गो भाषेने दोन ऑपरेंड घेणाऱ्या चिन्हांच्या पायऱ्या पाचवर आणल्या आणि '&' ला गुणाकाराशेजारी बसवले.

हा दोष इतकी वर्षे कसा लपला, याचे कारण मात्र आमच्याच घरात होते. हा प्रोग्राम फार पूर्वी बाहेरच्या एका कंत्राटदाराकडून लिहून घेतला होता आणि तेव्हाच्या पेटीत दोष एकच होता, फेजचा. मास्क १ होता. आता गंमत पाहा: मास्क १ असताना चुकीच्या पद्धतीने वाचलेली ओळही स्थिती & १ अशीच होते, म्हणजे उत्तर तंतोतंत बरोबर. पुढे पेटीची नवी आवृत्ती आली, मोटर आणि दाब हे दोष वाढले, कोणीतरी मास्क १ चा १३ केला, आणि ज्या ओळीला कोणी हातही लावला नाही ती त्या दिवसापासून चुकीची ठरली. कारखान्यात पेटी बाहेर पाठवण्यापूर्वी हुटर तपासत असत तो एक फेज काढून, कारण ते सगळ्यांत सोपे. फ्यूज उपसला, हुटर वाजला, शिक्का मारला. कंपायलरनेही तोंड उघडले नाही, कारण त्याला उघडू दिलेले नव्हते. जीसीसी या सी च्या कंपायलरमध्ये 'वॉल' नावाचा पर्याय लावला, तर नेमक्या अशा ओळीवर तो इशारा देतो की '&' जवळच्या तुलनेभोवती कंस घाला. आमच्या बिल्डमध्ये तो पर्याय नव्हता. मी तो लावला, तेव्हा पडदा भरून इशारे वाहू लागले. बहुतेक निरुपद्रवी होते, आणि म्हणूनच पूर्वी कोणीतरी कंटाळून तो काढून टाकला असावा.

आम्ही दोघांनी ते इशारे एकेक करून वाचले. हुटरची ओळ कंस घालून दुरुस्त केली. तिच्यासारखी आणखी एक सापडली, आणि ती अधिक विचित्र होती. दोष निवळला की कॉम्प्रेसर आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून तिथे 'स्थिती & दोषमास्क == ०' अशी अट होती. सी च्या वाचनात मास्क बरोबर शून्य ही तुलना खोटी, म्हणजे ०; कोणतीही स्थिती & ० म्हणजे शून्यच. ही अट मास्क १ असतानाही कधी खरी झालेली नव्हती आणि होणे शक्यही नव्हते. कंपायलरने ते ओळखून तिच्याखालचे सगळे काम यंत्रसूचनांतून गाळून टाकले होते. म्हणजे आपोआप सुरू होण्याची जी सोय आमच्या माहितीपुस्तिकेत छापलेली होती, ती पेटीत कधी नव्हतीच, आणि तरीही तिच्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नव्हती.

तीही ओळ दुरुस्त करून नवी आवृत्ती आम्ही आधी त्याच संस्थेत बसवली, सर्व्हिसच्या मुलाने मोटरचा ओव्हरलोड हाताने ट्रिप करून हुटर वाजवून दाखवला आणि सेक्रेटरी समाधानी झाले. पुढच्याच आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. "मॅडम, लाईट आली की मशीन आपलं आपणच चालू होतंय. आमचा माणूस झाकण उघडून धुवायला बसलेला असतो. पहिल्यासारखं बटण दाबल्यावरच चालू होऊ दे की!" त्यांचे म्हणणे रास्त होते. केंद्रांवर लोकांनी आपली कामाची पद्धत त्या कधीही खऱ्या न होणाऱ्या अटीभोवती बसवून घेतलेली होती. मी सेटिंगमध्ये एक पर्याय वाढवला, आपोआप किंवा बटणाने, आणि पेटी बाहेर पडताना तो बटणावरच ठेवायचा असे ठरवून माहितीपुस्तिकेतले वाक्य बदलायला दिले.