आधी पाणी, मग जाळ

चेंदणी कोळीवाड्यालगतच्या आमच्या बैठ्या घराच्या मागील दारी, तिन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या पडवीत, तांब्याचा एक बंब उभा आहे. तो माझ्या आजेसासूबाईंच्या काळातला असून त्यात ३० लिटर पाणी मावते, आणि घरातल्या पाच माणसांच्या आंघोळीचे पाणी आजही त्यातच तापते. ठाण्यात इमारती उभ्या राहिल्या, घरोघरी गीझर आले, आणि बहुतेकांचे बंब एक तर मोडीत गेले किंवा घासूनपुसून दिवाणखान्यात शोभेला बसले. ज्यांच्याकडे तो अजून आहे आणि ज्यांना तो पुन्हा पेटवावासा वाटतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. बंब कसा वापरावा हे सासूकडून सुनेला कळत आले आहे, आणि मध्ये एक पिढी गीझरची गेली की ते सांगणारे कोणी उरत नाही.

बंबाची रचना साधी आहे. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी बिडाची जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि नळकांड्याभोवती पाणी. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त खालून लागतो आणि बरीचशी उष्णता कडेने निघून जाते. बंबात मात्र जाळ पाण्याच्या पोटातून वर जातो, म्हणून थोडक्या जळणात काम होते. एकदा मी जळण काट्यावर तोलून पाहिले, तर सुक्या लाकडाच्या सुमारे एक किलो ढलप्यांमध्ये पूर्ण बंब कढत झाला. एवढेच पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर विजेने न्यायचे तर सव्वा युनिट वीज लागते.

हे सगळे ज्या एका अटीवर चालते, ती मी तीन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे मोडली. आदल्या दिवशी बंब रिकामा करून, चिंच आणि मीठ लावून घासला होता. तो रात्री कोणीतरी भरला असेल असे मी धरून चालले आणि पहाटे चार वाजता झाकण न उघडताच जाळ घातला. पाणी तापू लागले की बंब आधी बारीक गुणगुणतो, मग घरघरतो. त्या दिवशी तो गप्पच राहिला, आणि मला ते फार उशिरा जाणवले. मी वाकून पाहिले तेव्हा जाळीखालच्या राखेत चांदीसारखे चकचकीत दोन मणी पडले होते. तो सांध्याचा डाक, म्हणजे पत्रे जोडणारा मऊ धातू, वितळून पडला होता. मी घाईने बादली उचलली, तेवढ्यात सासूबाई मागच्या दारातून म्हणाल्या, “पाणी ओतू नकोस गं, आधी निखारे काढ आणि लांब उभी राहा.” त्यांचे ते वाक्य मी कधीच विसरणार नाही. तापलेल्या कोरड्या तांब्यावर गार पाणी पडले असते, तर वाफेचा झोत माझ्या तोंडावरच आला असता आणि पत्राही वाकला असता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते, पण कथील आणि शिसे यांचा डाक १८३ अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतो. आत पाणी असेपर्यंत ते १०० अंशांवर उकळत राहते आणि पत्र्याला त्याच्या फार वर जाऊ देत नाही, म्हणून लाकडाचा प्रखर जाळ लागूनही सांधे शाबूत राहतात. पाणी संपले की हे संरक्षण संपते. आमचा बंब शेवटी पुण्याला, कसबा पेठेतल्या तांबट आळीत न्यावा लागला. तिथल्या कारागिराने जुना डाक खरवडून नवा भरला, पाण्याने भरून रात्रभर ठेवून गळती पाहिली, आणि मला दोन गोष्टी सांगितल्या: तोटीच्या खाली उरणारे पाणी कधी उपसून काढायचे नाही, आणि झाकण कधी घट्ट बसवायचे नाही, कारण वाफेला वाट हवी. या डाकात शिसे असल्यामुळे बंबातले पाणी आम्ही पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी कधीच घेत नाही. आता आमच्याकडे काडी ओढण्यापूर्वी झाकण उघडून आत हात घालून पाहण्याचा नियम आहे, आणि मुलेही तो पाळतात.

आता जळणाविषयी, कारण बंबाबद्दलच्या बहुतेक तक्रारी खरे तर ओल्या लाकडाच्या तक्रारी असतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. हे पाणी उकळवून घालवण्यात उष्णता खर्च होते, पण त्याहून मोठे नुकसान असे की जाळ थंड पडतो आणि लाकडातून निघणारे वायू न जळता धूर होऊन बाहेर जातात. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळणच असते, आणि ते शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसते. आमच्या अंगणातल्या आंब्याच्या आणि चिंचेच्या वाळलेल्या फांद्या महानगरपालिकेची परवानगी घेऊन छाटल्या की मी त्या लगेच अंगठ्याएवढ्या जाडीच्या करून फोडून घेते. सालीसकट पडलेला ओंडका वर्षभरही वाळत नाही, तीच लाकडे चिरून उन्हात टाकली की एका उन्हाळ्यात खडखडीत होतात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की सुक्या लाकडाचा टणत्कार होतो आणि ओल्याचा बद्द आवाज येतो. आगोटीला मीठ-मसाल्याची बेगमी करतात तशी ही जळणाची बेगमी मे महिन्यातच व्हायला हवी. रचलेल्या लाकडांखाली विटा घालाव्यात, वर पत्रा असावा, पण बाजू ताडपत्रीने कधी गुंडाळू नयेत, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत वारा न लागलेल्या ढिगाला आठवड्यात बुरशी येते.

पेटवण्यासाठी नारळाची किशी आणि दोन करवंट्या पुरतात. रॉकेलची गरज पडत नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतून काही जण माल बांधणीच्या लाकडी फळ्या आणतात. त्या घेण्यापूर्वी त्यांवरचा शिक्का जरूर पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ म्हणजे त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि असे लाकूड जाळू नये. रंगवलेली दारे, प्लायवूड आणि सनमायका लावलेले तुकडे यांनाही आमच्या बंबात जागा नाही.

बंब बंद न्हाणीघरात कधीही पेटवू नये. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अर्धवट विझलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघत राहतो.

निगा म्हणाल तर राख रोज काढावी लागते, आणि ती एक दिवस पत्र्याच्या डब्यात ठेवूनच झाडांना घालावी, कारण तिच्या पोटात निखारा जिवंत राहतो. खाडीच्या खाऱ्या हवेत राख ओलावली की जाळी गंजते. आमची तिसरी जाळी चालू आहे. नळकांड्यातली काजळी पंधरा दिवसांनी, दोरीला काथ्याचा बोळा बांधून वरखाली ओढून काढते, कारण काजळीचा थर उष्णता अडवतो. बाहेरून बंब चिंचेने घासला तरी चालतो आणि मूळ ठाण्याच्याच कंपनीच्या पितांबरीनेही. आतला हिरवा कळंक मात्र दुर्लक्षू नये. आमच्या विहिरीचे पाणी जड असल्यामुळे आत क्षारांचा पांढरा थर धरतो. तो खरवडून काढल्यास पत्रा पातळ होतो, म्हणून मी लिंबूसत्त्व घातलेले पाणी दोन तास आत ठेवते आणि खळखळून धुते. गावाला जाताना मात्र तळाचेही पाणी काढून बंब पालथा घालते, नाहीतर साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि परत आल्यावर तो काठोकाठ भरल्याशिवाय घरात काडेपेटी शोधायची नाही, असे ठरलेले आहे.

या वर्षीचे जळण रचून झाले आहे. धुराड्यावरची टोपी कडेने झिजली आहे आणि तिच्यातून पावसाचे पाणी थेट जाळीवर पडते. ती गणपतीपूर्वी बदलून घ्यायची आहे.