एक पट्टी, तीन एकल वादक : कोजागरीच्या वाद्यवृंदाचा माझा अनुभव

खानदेशात गुणी वादक मुले नाहीत, ही तक्रार मी कधीच मान्य केलेली नाही. व्हायोलिन शिकवण्याच्या निमित्ताने मी जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे या भागात अनेक वर्षे फिरते आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी जी मुले मी ऐकली आहेत, त्यांतली काही कोणत्याही मोठ्या शहरातल्या मुलांच्या बरोबरीने उभी राहतील. अडचण निराळी आहे. ही मुले एकटी वाढतात. गुरूंसमोर एकटी, परीक्षेला तबलजीबरोबर एकटी, गणेशोत्सवाच्या मंडपात एकटी; आणि विशारदपर्यंत पोहोचली की पुण्या-मुंबईची वाट धरतात, कारण इथे त्यांच्याबरोबर वाजवणारे कोणी नसते. म्हणून आम्ही काही शिक्षक, बँकेत आणि रेल्वेत नोकरी करणारे हौशी वादक आणि लग्नाच्या बँडमधले कलावंत यांनी एकत्र येऊन तिशीच्या आसपास वादकांचा वाद्यवृंद उभा केला, आणि त्याच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात तीन तरुण एकल वादकांना पुढे बसवायचे ठरवले. ते कसे साधले, हे सविस्तर सांगावे असे मला वाटते, कारण असे काही करू पाहणाऱ्याला आमच्याकडे विचारायला जागा नव्हती.

पहिला आक्षेप आमच्यातल्याच एका ज्येष्ठ सतारियांनी घेतला. आपले संगीत हे एकट्याने मांडण्याचे संगीत आहे, तीस माणसांनी एकदम राग कसा मांडायचा, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. परंतु त्याला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी 1918च्या सुमारास, साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून बँड उभा केला, आणि बंदुकीच्या नळ्यांपासून घडवलेले नलतरंग त्यात वाजवले. त्यांचेच शिष्य पंडित रविशंकर यांनी पुढे 1952मध्ये दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाची धुरा घेतली. या दोन्ही ठिकाणी राग मोडला नाही. आलाप आणि विस्तार एकट्याकडे ठेवून बांधीव भाग वृंदाकडे दिला, की दोघांनाही आपापले काम मिळते. आम्ही हीच वाट धरली, आणि आक्षेप घेणारे ते ज्येष्ठ सतारिये पुढे प्रत्येक तालमीला आले.

तारीख ठरवणे मात्र आम्हाला वाटले त्याहून अवघड गेले. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांचे, एप्रिल-मे लगीनसराईचे. लगीनसराईत बँडवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि जळगावच्या त्या उन्हात वाद्ये घराबाहेर काढणे हीच मोठी जोखीम असते. श्रावणात कानबाई देवीचा उत्सव, मग गणपती, मग नवरात्र. या सगळ्यात पितृपक्षाचा पंधरवडा तेवढा मोकळा. त्या दिवसांत लग्ने नाहीत, मिरवणुका नाहीत, बँडच्या सुपाऱ्या नाहीत आणि सभागृहेही रिकामी असतात. काही घरांतून ‘पितरांच्या दिवसांत वाजवणे कसे चालेल’ अशी शंका आली. ती आम्ही हसण्यावारी नेली नाही. त्या घरांना समजावून सांगितले की या दिवसांत केवळ तालीम होईल, कार्यक्रम कोजागरीला होईल. अशी तालीम पितृपक्षात आणि कार्यक्रम कोजागरीला बसला. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहाची जागा, नंतर मसाला दूध, आणि दहाच्या आत सगळे संपवणे, हे तेव्हाच निश्चित केले. ध्वनिप्रदूषण नियम 2000नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणासुदीच्या खास सवलतीच्या मागे लागण्यापेक्षा लवकर सुरू करणे आम्हाला बरे वाटले. ध्वनिक्षेपकाची परवानगी, जागेचा अर्ज, अग्निशमनाची व्यवस्था ही कामे कागद वेळेत दिल्यामुळे सुरळीत झाली. तिकीट ठेवायचे नाही, हे आधीच ठरले होते. चित्रपटगीते न घेता पारंपरिक चाली आणि जुन्या गती घेतल्यामुळे प्रताधिकाराचा प्रश्नही उद्भवला नाही.

आता एकल वादकांची निवड. वीसहून कमी वयाच्या मुलांना आम्ही बोलावले होते आणि बहुतेकांनी आपली सर्वांत वेगवान तान किंवा ‘झाला’ (शेवटचा द्रुत भाग) तयार करून आणला होता. तो आम्ही कौतुकाने ऐकला. त्यानंतर मात्र प्रत्येकाला दुसऱ्या मुलाच्या वादनाखाली केवळ षड्ज, म्हणजे सा, धरून बसायला सांगितले. दुसरा काय वाजवतो आहे त्याकडे ज्याचे कान लागतात, त्याच्या षड्जाचा आवाज आपोआप लहानमोठा होतो. या कसोटीने जे दिसले ते तानांनी दिसले नव्हते. निवडलेल्यांत एक होती अमळनेरची नववीत शिकणारी सतारवादक मुलगी. दुसरा होता बँडवाल्याच्या घरातला क्लॅरिनेट वाजवणारा मुलगा, ज्याचे आजोबाही क्लॅरिनेटच वाजवत. आणि तिसरा, साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यातला पावरी हे भोपळ्याचे फुंकवाद्य वाजवणारा तरुण. त्याच्या घरात पावरी डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी ती इतक्या जवळून कधी ऐकलीच नव्हती.

या तिघांना एका रंगमंचावर आणताना खरी लढाई पट्टीची झाली. पट्टी म्हणजे षड्ज कोणत्या उंचीवर धरायचा ते; तिला पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पट्ट्यांवरून पांढरी एक, काळी एक अशी नावे आहेत. सतार साधारणपणे काळी एकच्या आसपास मिळवलेली असते, आणि तरफेच्या, म्हणजे खाली नुसत्या गुंजणाऱ्या, तारांसकट सगळी सतार दुसऱ्या पट्टीत नेणे म्हणजे संध्याकाळ घालवणे. बँडमधला नेहमीचा क्लॅरिनेट काळी पाचचा असतो. वादक बोटांनी जो षड्ज वाजवतो तो ऐकू येताना एक पूर्ण स्वर खाली येतो. पेटीला तर हलायलाच जागा नाही. आमच्या बँडमास्तरांनी हा गुंता फार शांतपणे सोडवला. त्यांनी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांना सरळ सांगितले, “आपण काळी दोनची बोटं धरायची, म्हणजे सतारीच्या काळी एकला पोहोचतो.” मी कागदावर स्वरलिपी मांडत बसले होते. मास्तरांचा तो एक वाक्याचा हिशेब माझ्या सगळ्या कागदांपेक्षा लवकर सर्वांच्या हाती लागला. त्यातही बँडवाले लिपी वाचत नाहीत, कानाने शिकतात. तेव्हा त्यांच्यासाठी प्रत्येक भाग संथ लयीत वाजवून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची पद्धत आम्ही घातली, आणि व्हायोलिनची मुले स्वरलिपी पाहून तेच शिकत राहिली. दोन्ही वाटांनी आलेली माणसे एकाच समेवर उतरली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

उष्म्याचा मामला यात वेगळाच आहे, आणि खानदेशात ज्याला वाद्यवृंद करायचा आहे त्याने तो आधी समजून घ्यावा. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो. 20 अंशाला हा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर आणि 40 अंशाला सुमारे 355 मीटर असतो. त्यामुळे फुंकवाद्यांचा सूर चढतो. वादकाच्या उष्ण श्वासाने नळीतली हवा आधीच कोमट झालेली असते, म्हणून प्रत्यक्षातली चढण हिशेबापेक्षा कमी भरते, पण कानाला ती नक्की कळते. तारा मात्र उष्णतेने सैल होऊन उतरतात. म्हणजे दुपारच्या तालमीत बासरी-क्लॅरिनेट वर आणि सतार-व्हायोलिन खाली अशी ओढाताण होते, आणि रात्री उघड्यावर गारवा पडला की ती उलटी फिरते. यासाठी आम्ही शेवटच्या काही तालमी मुद्दाम कार्यक्रमाच्याच वेळी, उघड्या अंगणात घेतल्या. प्रत्येक रचनेच्या आधी क्लॅरिनेट थोडा वाजवून गरम करायचा, त्याचा सूर पेटीशी जुळवायचा, चढला असल्यास नळीचा जोड किंचित बाहेर ओढायचा, आणि मग त्याच्यावर बाकी सर्वांनी मिळवायचे, असा क्रम ठरला. हा क्रम पाळताना मुलांचा संयम सुटेल अशी भीती काहींना वाटत होती. उलट मुलांनीच तो सर्वांत काटेकोरपणे पाळला.

सतारीसाठी आम्ही यमन घेतला, सोळा मात्रांच्या तीनतालात, मसीतखानी गत, म्हणजे संथ लयीतली बांधीव रचना. ही गत बाराव्या मात्रेपासून उठते, हे सतारीच्या विद्यार्थ्यांना अंगवळणी पडलेले असते. तीस जणांच्या वृंदाला मात्र तो उठाव एकदम पकडणे फार जड गेले. कोणी अकराव्या मात्रेला उठे, कोणी तेराव्या. त्या मुलीला विस्ताराचे पूर्ण स्वातंत्र्य द्यायचे आणि तिने मुखड्याकडे, म्हणजे गतीच्या सुरुवातीच्या तुकड्याकडे, वळताच सर्वांनी तिच्यासोबत उठायचे, असे आमचे गणित होते. तिची सवय डोळे खाली ठेवून वाजवण्याची होती, आणि वृंदाची सवय तिच्याकडे न पाहता मनात मात्रा मोजण्याची. पुष्कळ तालमींनंतर तिने मुखड्याच्या आधीच्या आवर्तनात मान वर करून समोर पाहायला सुरुवात केली. त्या दिवसानंतर मी हातवारे जवळपास बंद केले. वृंदाचे नेतृत्व त्या नववीतल्या मुलीच्या नजरेकडे गेले, आणि माझ्या मते एकल वादकाचे शिक्षण तिथे पूर्ण होते: आपल्यामागे बसलेल्यांना केव्हा यायचे ते आपल्या वाजवण्यातूनच कळले पाहिजे. तिचे वडील शेतकरी आहेत. कपाशीची वेचणी सुरू असतानाही ते दर रविवारी तिला सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीने जळगावला घेऊन येत, आणि सतारीची पेटी मांडीवर धरून बसत.

क्लॅरिनेटच्या मुलाबाबत वेगळे शिकवावे लागले. रस्त्यावर, ढोल-ताशांच्या आणि वाहनांच्या आवाजावर मात करत वाजवल्यामुळे त्याचा फुंकीचा जोर जबरदस्त होता, पण हळू वाजवायला त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते. मांड रागातली चाल त्याला दिली आणि व्हायोलिनच्या मंद आसेवर, माइकशिवाय, समोरच्या भिंतीला नव्हे तर शेजारच्याला ऐकू जाईल इतकेच वाजवायला सांगितले. काही तालमींनी त्या आवाजात जे मार्दव आले ते ऐकून त्याचे आजोबा उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. आपल्याकडे बँडवाल्याला कोणी बसून ऐकत नाही. तो चालत वाजवतो, त्याच्यापुढे लोक नाचतात, आणि त्याच्या नावाची पाटी ठेल्यावर असते. कोजागरीच्या रात्री हा मुलगा खुर्चीवर बसून वाजवत होता आणि नाट्यगृह भरून माणसे त्याला ऐकत होती. माझ्यासाठी हा कार्यक्रम करण्याचे तेवढे कारण पुरेसे होते.

पावरीबद्दल लिहायला हवे, कारण तिथे आमचे सगळे नियम उलटे झाले. वाळवलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांची ही पावरी ज्या सुरात बनते त्याच सुरात वाजते. या तरुणाच्या पावरीचा आधारस्वर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्ये कुठेतरी होता. सुरुवातीला एकाने सुचवले की दुसरी पावरी बनवून घ्यावी, पेटीच्या सुरात. त्याने नम्रपणे नकार दिला, आणि तो योग्यच होता. देवापुढे वाजणारी ती पावरी त्याच्या घरची होती. मग आम्ही पेटी, क्लॅरिनेट, सतार या रचनेतून बाजूला काढली. व्हायोलिनच्या मुलांनी तारा किंचित उतरवून पावरीच्या सुराला मिळवल्या आणि केवळ लांब गजांनी षड्ज-पंचम धरला. तालाला दोन ढोल. तो श्वास न तोडता वाजवत राहतो, म्हणून गजही कोणी एकदम उलटवायचा नाही, आळीपाळीने उलटवायचा, म्हणजे सूर कुठेच तुटणार नाही, हे मुलांनी त्याचे वाजवणे ऐकूनच ठरवले.

कार्यक्रमात या रचनेआधी रंगमंचावरच तारा मिळवाव्या लागल्या. त्याला वेळ लागला. श्रोत्यांना मी एवढेच सांगितले की आता सगळा वृंद पावरीच्या सुराला येतो आहे, आणि लोक थांबले. साक्रीहून आलेली मंडळी मागच्या पायऱ्यांवर होती. पावरी सुरू झाल्यावर त्यांतले काही उभे राहिले आणि ढोलाच्या लयीवर जागच्या जागी पाय टाकू लागले. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने आवाज वाढवावा का असे खुणेने विचारले. मी नको म्हटले. शेवटी तिघांनी आणि सगळ्या वृंदाने मिळून कानबाईची एक पारंपरिक चाल वाजवली. पावरीवाल्याने त्यात पावरी बाजूला ठेवून ढोल घेतला, आणि दहाच्या बऱ्याच आधी दूध वाटायला सुरुवात झाली.

आता रविवारची तालीम नियमित सुरू आहे. बँडमास्तर फुंकवाद्यांच्या नव्या मुलांना शिकवतात, आणि लिहिलेल्या स्वरलिप्या व ध्वनिमुद्रणे धुळ्यातल्या आणि नंदुरबारमधल्या काही शिक्षकांनी मागवून नेली आहेत. पुढच्या कार्यक्रमासाठी एकल वादक नव्याने निवडायचे आहेत. त्या वेळी या वर्षीच्या तिघांनी वृंदात मागच्या रांगेत बसून नव्यांची साथ करायची, असे तिघांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने ठरले आहे. सतारीच्या मुलीने मागच्या रांगेसाठी तंबोरा मागितला आहे.