बारावी पाकळी बसली, आता शिवणी सरकवतोय

घरी पृथ्वीगोल बनवतोय: नकाशाच्या बारा निमुळत्या पट्ट्या, म्हणजे पाकळ्या, गोलावर चिकटवायच्या; दोन पाकळ्यांचा सांधा ती शिवण. बारावी पाकळी अखेर बसली! विषुववृत्तावर रेषेला रेषा लागली.

मागच्या वेळी गाडी इथेच अडली होती. ३० सेंमी व्यासाचा गोल, म्हणजे विषुववृत्त ९४.२ सेंमी आणि ३० अंशांच्या पाकळीला ७.८५ सेंमी. छपाई मापात होती, पण खळ लागली की कागद फुगतो. पाकळीमागे दीड मिलिमीटर धरला तरी बारांचे १८ होतात, म्हणजे जवळजवळ ७ अंश पृथ्वी जास्तीची. शून्य रेखावृत्तापासून निघून पूर्व आणि पश्चिम गोलार्ध पूर्ण करून परत यावं, तर शून्य रेखावृत्तावरच्या घाना देशावर पुन्हा घाना चढलेला.

खरी मेख ग्रेनमध्ये, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेत आहे. कागद तंतूंच्या दिशेनं फारसा वाढत नाही, आडवा वाढतो. त्यामुळे तंतूंच्या दिशेनं उभी छापलेली पाकळी नेमकी रुंदीत फुगते. म्हणून उत्तर आणि दक्षिण गोलार्ध वेगळे छापले. अर्धी पाकळी २३.६ सेंमीची, ती लाँग ग्रेन (तंतू लांब बाजूला समांतर) ए-थ्रीवर आडवी टाकली की एका कागदावर पाच मावतात. फुगवटा आता ध्रुवाकडे सरकतो आणि ८० अंशांपुढे ध्रुवावर बसणाऱ्या गोल टोपीखाली झाकला जातो. ग्रेनबाबत दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा. वळलेल्या सुरळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला तंतू.

खळ मैद्याचीच, चिमूटभर मोरचूद घालून. पांढरा गोंद लगेच धरतो, पाकळी सरकवायला सवडच देत नाही.

आता वार्निशला घेणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: शिवण शून्यावरच कशाला? पूर्व-पश्चिम गोलार्धांच्या बऱ्याच नकाशांत २० अंश पश्चिम आणि १६० अंश पूर्व ही सीमा धरतात, म्हणजे आफ्रिका दुभंगत नाही. तिथून ३०-३० अंश मोजले तर दोन्ही रेषा आपसूक शिवणीवर येतात. आइसलँड कापला जातो, पण लंडन शाबूत. भारतात शिवण ७० अंशांवर, फक्त कच्छ-सौराष्ट्र आणि राजस्थानच्या पश्चिम टोकातून; अख्खा महाराष्ट्र एकाच पाकळीत! सध्याची ९० अंशांची शिवण आसाम-मेघालयाच्या पश्चिम टोकाला लागते.

गोलार्धांची सीमा मात्र ० आणि १८० अंशांचीच ठेवणार, लाल शाईत, पाकळीच्या पोटातून. चारही गोलार्धांत पसरलेला प्रशांत महासागरातला किरिबाटी हा बेटांचा देश त्याच रेषांमुळे दिसतो. २०-१६० ची सीमा धरली तर तो सगळा पश्चिमेत जातो. तेव्हा वार्निश थांबवलं. आधी नव्या पाकळ्यांची फाइल, मग ए-थ्रीचा नवा गठ्ठा, अर्थात तुकडा ओला करून बघूनच.